गणपतीत कॅमेरा काढला की शटर चिकटलेलं: जुन्या रेंजफाइंडरचं दरवर्षीचं दुखणं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुने रेंजफाइंडर, म्हणजे खिडकीतल्या दोन प्रतिमा एकावर एक जुळवून फोकस करायचे फिल्म कॅमेरे, वापरणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार आहे. वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांचे रात्रीचे फोटो झकास येतात. मग पाऊस लागतो, कॅमेरा कपाटात जातो. गणपतीत बाहेर काढावा तर शटर धड चालत नाही. कुणाचं उघडतच नाही, कुणाचं अर्धवट उघडून थांबतं, कुणाचं पहिल्या काही क्लिकना अडतं आणि मग काही झालंच नाही असं चालू लागतं. साफ करून आणलं की वर्ष निघतं, आणि पुढच्या गणपतीला पुन्हा तेच.

सगळे दोष पावसाला देतात. दमट हवेनं बुरशी येते, गंज येतो, हे खरं. पण शटरची पाती, म्हणजे लेन्सच्या आत उघडून मिटणारे धातूचे पातळ तुकडे, चिकटण्याचं मूळ पावसाळ्याच्या आधीच्या दोन महिन्यांत आहे, आणि बहुतेक वेळा साफसफाई जिथं होते तिथं ते मूळ नसतंच. म्हणून ते परत येतं.

मी इथं मुख्यतः कॅनोनेट क्यूएल17 जी-थ्री डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. 1972 चा हा कॅमेरा, 40 मिमी एफ 1.7 लेन्स, 1/4 ते 1/500 सेकंद आणि बी (बटण दाबून धराल तेवढा वेळ शटर उघडं) एवढे स्पीड, आणि लेन्सच्या आत बसलेलं कोपाल कंपनीचं पातीवालं शटर. हे शटर पूर्ण यांत्रिक आहे. सेल नसला तरी सगळे स्पीड चालतात. त्या काळच्या इतर छोट्या रेंजफाइंडरमध्येही, म्हणजे मिनोल्टा हाय-मॅटिक 7एस, ऑलिंपस 35 आरसी यांत, पातीवालंच शटर असल्यामुळे निदान जवळपास सारखंच होतं. यशिका इलेक्ट्रो 35 वाल्यांचं गणित वेगळं आहे, ते पुढं सांगतो.

आधी बघा, चिकटलंय की नुसतं लॉक झालंय

गेल्या पावसाळ्यानंतर निपाणीच्या एका मित्राचा फोन आला.

"बटणच दबंना झालंय रे. शटर गेलं बघ."

"अ‍ॅपर्चरची रिंग कुठं आहे?"

"ए वर."

"लेन्सची टोपी काढलास काय?"

"काढलोय की."

"सेल कधीचा आहे?"

तिकडून बराच वेळ काही उत्तर आलं नाही. "रिंग फिरवून 5.6 वर घे आणि दाब," म्हणालो. खट्. शटर ठणठणीत होतं.

कॅनोनेटची अ‍ॅपर्चरची, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक लहानमोठं करायची, रिंग ए वर, म्हणजे ऑटोवर, असताना उजेड मीटरच्या आवाक्याबाहेर असेल तर कॅमेरा बटण दाबूच देत नाही. अंधार जास्त असला तरी आणि ऊन जास्त असलं तरी. सेल संपला की मीटरचा काटा हलत नाही, म्हणजे कॅमेऱ्याच्या लेखी कायमचा अंधारच. टोपी लावलेली असली तरी तेच. हा बिघाड नाही, फोटो वाया जाऊ नये म्हणून केलेली सोय आहे. त्यामुळे पहिली चाचणी नेहमी ए सोडून करायची: रिंग कुठल्याही आकड्यावर, स्पीड 1/125, वाइंड करून दाबा. बटण खाली जातं आणि आवाजही येतो, तरच पुढची तपासणी. तेव्हाही बटण दबत नसेल तर दोष पात्यांत नाही, वाइंडच्या यंत्रणेत आहे, आणि ते घरी उघडण्यासारखं काम नाही.

निगेटिव्ह काय सांगते

माझे रोल कुरिअरनं बाहेरगावी धुवायला जातात. परत येईपर्यंत आठवडे जातात, त्यामुळे त्या पट्टीवर जे दिसतं ते नीट वाचता आलं पाहिजे. पूर्ण रोल कोरा पारदर्शक आला की बहुतेक जण लॅबला नावं ठेवतात. पट्टीच्या कडेला फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे उमटलेत का ते बघा. उमटले असतील तर फिल्म व्यवस्थित धुतली आहे, तिला उजेडच मिळालेला नाही. मग बहुधा दोनच शक्यता उरतात. एक तर शटर उघडलं नाही, किंवा रोल पुढं सरकलाच नाही. झटपट लोडिंगमध्ये फिल्मचं टोक नीट धरलं गेलं नाही तर असं होतं. दुसरी शक्यता टाळणं अगदी सोपं आहे: वाइंड करताना डावीकडची रिवाइंडची गुंडी फिरते का, ते प्रत्येक रोलच्या सुरुवातीला बघायचं. फिरली तर रोल सरकतोय.

शटर चिकटायला लागलेलं असतं तेव्हा मात्र कोरी पट्टी येत नाही. येते ती गर्द, जास्त काळी निगेटिव्ह, कारण पाती उघडतात पण वेळेवर मिटत नाहीत. इथंच फसगत होते. रंगीत निगेटिव्ह फिल्म दोन स्टॉप जास्त उजेड (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) सहज पचवते, स्कॅन करणाराही भरपाई करून टाकतो, आणि तुमच्या हातात चांगले फोटो येतात. म्हणजे शटर अर्ध्या वेगानं चालू लागलेलं असतं आणि फोटो तक्रार करत नाहीत. जेव्हा तक्रार दिसते तेव्हा पाती पुरती अडकलेली असतात. म्हणून माझा आग्रह असा की स्कॅन बघून समाधान मानू नका, निगेटिव्ह मागवून घ्या आणि खिडकीसमोर धरून बघा.

घरची तपासणी

रोल नसताना मागचं दार उघडा, अ‍ॅपर्चर एफ 1.7 वर, म्हणजे पूर्ण उघडं, ठेवा आणि खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून मागून बघत एकेक स्पीड चालवा. पहिली क्लिक सर्वांत महत्त्वाची. महिनाभर पडून असलेला कॅमेरा पहिल्या क्लिकला जे करतो तेच त्याचं खरं रूप. पाच-दहा वेळा दाबल्यावर चिकट थर मोकळा होतो आणि सगळं ठीक वाटू लागतं. त्यामुळे कपाटातून काढल्या काढल्या आधी मोबाईलवर व्हिडिओ लावा, मग बटण दाबा.

मोबाईलमध्ये 240 फ्रेमचा स्लो मोशन असेल तर मंद स्पीड चक्क मोजता येतात. 1/4 सेकंदाला साधारण 60 फ्रेम उजेड दिसला पाहिजे, 1/8 ला 30, 1/15 ला 16, 1/30 ला 8. साठाच्या जागी सत्तर आल्या तर सोडून द्या, इतक्या जुन्या यंत्राला तेवढं माफ आहे. एकशेवीस आल्या तर पूर्ण एक स्टॉपचा फरक आहे. 1/125 च्या पुढं या पद्धतीनं आकडा नीट मिळत नाही, पण पाती झटकन मिटली की रेंगाळली एवढं डोळ्यांनाही कळतं.

आता दोष कुठं आहे ते यातूनच उलगडतं. 1/4, 1/8, 1/15 वर अडतंय आणि 1/60 च्या पुढं स्वच्छ चालतंय, तर पाती निर्दोष आहेत. मंद स्पीडसाठी असलेली दातेरी चाकांची साखळी आळशी झाली आहे. ती चालताना बारीक 'झर्र' असा आवाज येतो, तो मध्येच तुटत असेल तर शंकाच नको. सगळ्याच स्पीडला अडतंय, तर पाती. आणि शटर छान चालतंय पण फोटो सारखे जास्त उजळ येतायत, तर अ‍ॅपर्चरची पाती बघा. शटर बी वर घेऊन, रिंग 16 वर ठेवून बटण दाबून धरा आणि मागून पाहा. भोक बारीक दिसलं पाहिजे. एफ 1.7 एवढंच मोठं राहिलं तर अ‍ॅपर्चर उघड्यावर चिकटलंय. शटरच्या नादात हे दुसरं चिकटणं भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतं.

तेल येतं कुठून

लेन्स पुढंमागं सरकवणाऱ्या आट्यांमध्ये, म्हणजे हेलिकॉइडमध्ये, कारखान्यातून निघताना ग्रीस भरलेलं असतं. पन्नास वर्षांत त्याचं तेल आणि ते तेल धरून ठेवणारा साबण वेगळे होतात. साबण आट्यांत घट्ट बसून राहतो, म्हणून फोकसची रिंग जड होते, आणि सुटं झालेलं तेल धातूवरून पसरत पसरत पात्यांपर्यंत पोचतं. पाती कागदासारखी पातळ आणि एकमेकींवर सपाट बसलेली असतात. दोन पात्यांच्या मध्ये तेलाचा थर गेला की तो केशाकर्षणानं तिथंच धरला जातो आणि स्प्रिंगची सगळी ताकद त्या चिकटपणापुढं अपुरी पडते.

तेल पळतं उष्णतेनं. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर, पत्र्याखालच्या खोलीत, चित्ररथाच्या मिरवणुकीआधी दुपारभर उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत. चिकोडी, निपाणी, गोकाककडचा उन्हाळा तर बेळगावाहून कडक. त्या दिवसांत तेल पात्यांवर येतं, पण कॅमेरा वापरात असतो म्हणून जाणवत नाही. मग जूनपासून तीन महिने कॅमेरा निजतो, थर हलत नाही, हवा गार होते, तेल दाटतं. गणपतीत जे दिसतं ते मे महिन्यात झालेलं असतं.

नुसती पाती पुसून दिली की पात्यांवरचं तेल जातं. आट्यांतलं राहतं, आणि पुढच्या मेमध्ये परत येतं. इतकं साधं आहे ते.

पाती साफ करणं

हात स्थिर असेल, घाई नसेल, तर पुढून पात्यांपर्यंत पोचणं जमण्यासारखं आहे. लेन्सवरचं नाव कोरलेलं कडं रबरानं दाबून फिरवून निघतं. बेसिनचं रबरी बूच यासाठी मापात बसतं. त्याखाली पुढच्या लेन्सच्या गटाला दोन खाचा असतात, त्यात दोन टोकांचा स्पॅनर लावून तो गट अख्खा सोडवायचा. हा स्पॅनर विकत मिळतो, पण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारा कुणी ओळखीचा असेल तर पोलादी पट्टीतून हवा तसा करून देतो, आणि तो बाजारातल्यापेक्षा चांगला बसतो. टोकं घासून बोथट करून घ्या. निसटला तर काचेवर ओरखडा कायमचा. उजेड मोजणारा सेन्सर तिथंच लेन्सच्या वर असतो, त्याच्या तारेला ओढ बसू देऊ नका.

ज्या कॅमेऱ्यात फक्त पुढची काच फिरून फोकस होतो, उदाहरणार्थ ऑलिंपस ट्रिप 35, तिथं हे करू नका. पुढचा भाग काढला की फोकसची जुळणीच हलते. कॅनोनेटमध्ये अख्खी लेन्स सरकते, त्यामुळे पुढचा गट शेवटपर्यंत घट्ट परत बसवला की फोकस जिथल्या तिथं राहतो.

पाती दिसली की दिवा तिरका धरा. कोरडी पाती एकसारखी राखाडी दिसतात. तेल असेल तर इंद्रधनुषी झाक येते, आणि दोन पाती जिथं एकमेकींवर चढतात त्या कडेला ओल्या रेघेसारखी काळपट किनार दिसते.

पुसायला लायटरमध्ये भरतात तो नॅप्था. पंपावरचं पेट्रोल नको, त्यातली रसायनं उडून गेल्यावर मागं थर सोडतात. रॉकेल नको, ते स्वतःच तेलकट आहे. थिनर आणि अ‍ॅसिटोन तर अजिबात नको, रंग आणि प्लॅस्टिक खातात. आणि शिलाई मशीनचं तेल किंवा गंज सोडवायचा फवारा मारायला कुणी सांगितलं तर हात जोडा; पातीवालं शटर कोरडंच चालायचं असतं. नॅप्था भडकन पेटतो. स्वयंपाकघरात करू नका, देवघरातली समई विझेपर्यंत थांबा, खिडक्या उघड्या ठेवा.

कापसाची काडी नॅप्थात बुडवून कागदावर टिपून घ्या, ओली राहू दे पण ठिबकू नये. मिटलेल्या पात्यांवर अलगद फिरवा, दाब शून्य. मग वाइंड, क्लिक, पुन्हा नवी काडी. पहिल्या काड्या तपकिरी होतात. काडी पांढरी निघेपर्यंत करत राहायचं. दर वेळी पाती उघडमीट झाल्यावर आतलं नवं तेल कडेवर येतं, म्हणून एका फेरीत काम संपत नाही. नंतर केबल रिलीजनं (बटणात लावून लांबून दाबायच्या वायरनं) बी उघडं धरून आतली अ‍ॅपर्चरची पातीही तशीच पुसा. काही जण पिचकारीनं नॅप्था ओततात. तसं केल्यानं तो आट्यांपर्यंत जातो, तिथलं ग्रीस विरघळवून सोबत घेऊन परत पात्यांवर येतो, आणि मागच्या काचेवर डागही सोडतो. ओतणं हाच दुखणं परत येण्याचा एक मोठा रस्ता आहे.

पुसून झालं की लगेच बंद करू नका. पुढचा गट नुसता हलका लावून कॅमेरा झाकून ठेवा, दोन दिवसांनी पहिल्या क्लिकला मोबाईलवर परत मोजा. बहुतेक वेळा पुन्हा थोडं अडतं, पुन्हा पुसावं लागतं. तिसऱ्या खेपेला स्वच्छ आलं तर समजायचं की पात्यांपुरतं काम झालं.

यशिका इलेक्ट्रो 35 चं शटर इलेक्ट्रॉनिक आहे. सेल नसेल तर ते 1/500 वरच चालतं, त्यामुळे त्या कॅमेऱ्यात आधी 5.6 व्होल्टचा सेल आणि त्याची टोकं तपासा. वाइंड करताना आतून येणारा खट्ट आवाज बंद झाला असेल तर आतली रबराची बारीक गादी झिजली आहे. पाती पुसून काही उपयोग नाही.

पावसाळ्यात ठेवायचं कसं

चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. ती ओल धरते आणि बुरशी आधी तिच्यावरच येते, मग लेन्सवर. जांबोटी-कणकुंबीकडं राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, तिथं जुलैत कपाटातले कपडेही ओले लागतात. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात सिलिका जेल, आणि स्वस्तातलं आर्द्रता दाखवणारं घड्याळ. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान राहिला की झालं. त्याच्या फार खाली नेण्यातही अर्थ नाही. नारंगी खडे काळपट हिरवे झाले की मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरून ठेवायची पद्धत घरोघरी आहे, पण तांदळाची पिठूळ धूळ नेमकी आपल्याला नको तिथं जाते.

आणि कॅमेरा निजू देऊ नका. रविवारी जेवण झालं की डबा उघडून सगळे स्पीड एकदा चालवायचे, फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची, शटर वाइंड करून न ठेवता मोकळं करून परत ठेवायचं. एवढ्यानं चिकटणं थांबत नाही, पण सुरू झालं की जूनमध्येच कळतं, गणपतीची वाट पाहावी लागत नाही.

सेल पावसाळ्यात काढूनच ठेवा. मूळचा 1.35 व्होल्टचा पाऱ्याचा पीएक्स625 आता बनत नाही. त्याच्या जागी 1.5 व्होल्टचा अल्कलाइन घातला की मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो आणि फोटो अंधारे येतात. कानाच्या यंत्राचा 675 नंबरचा झिंक-एअर सेल जवळपास बरोबर व्होल्टेज देतो. तो आकारानं लहान असतो, भोवती रबरी ओ-रिंग घातली की नीट बसतो. स्टिकर काढल्यापासून त्याचं आयुष्य सुरू होतं, त्यामुळे रोल भरायच्या दिवशीच स्टिकर काढा.

मेकॅनिककडे देताना

दोन वर्षं ओळीनं चिकटलं, किंवा फोकसची रिंग जड झाली आहे, तर आता पाती पुसण्याचा खर्च करू नका. देतानाच स्पष्ट सांगा: हेलिकॉइड खोलून जुनं ग्रीस पूर्ण धुवायचं आणि नवं घट्ट ग्रीस अगदी थोडं लावायचं. काम वाढतं, पैसे वाढतात, आणि कुणी "एवढं कशाला, पुसून देतो की" म्हणालं तर कॅमेरा परत घ्या. जुन्या घड्याळजींचा हात या कामाला चांगला असतो, कारण कोरडं कुठं ठेवायचं आणि तेलाचा थेंब कुठं द्यायचा हे त्यांना शिकवावं लागत नाही. पण हेलिकॉइड सोडवण्याआधी आटे कुठं सुटले ती खूण करून घ्यायला त्यांना आवर्जून सांगा. चुकीच्या आट्यावर परत चढवलं की सगळा फोकस हलतो.

म्हणून कॅमेरा परत आला की रोल भरण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. फोकस अनंतावर ठेवून मधल्या पिवळ्या चौकोनातून लांबचा मोबाईल टॉवर बघा. माझ्या गच्चीवरून राजहंसगडाची तटबंदी चालते. दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या पाहिजेत. मग मागचं दार उघडून, फिल्म जिथं सपाट बसते त्या दोन रुळांवर दुधी चिकटपट्टी ताणून लावा, शटर बी वर उघडं धरा, एफ 1.7 ठेवा आणि पट्टीवर उलटा पडलेला तोच टॉवर भिंगानं बघा. चौकोनात जुळलाय आणि पट्टीवर धूसर आहे, तर लेन्स चुकीच्या आट्यावर चढली आहे. पट्टीवर रेखीव आहे आणि चौकोनात दोन टॉवर दिसतायत, तर लेन्स बरोबर आहे आणि वरच्या कव्हरखालची रेंजफाइंडरची जुळणी तेवढी हलली आहे. पहिल्या बाबतीत कॅमेरा परत पाठवा. दुसऱ्यात एका स्क्रूचं काम आहे, तिथंच बसून करून घ्या.